सायपानची राखण

शाळा उघडली की सुटीत काय केलेस, हा प्रश्न जो तो एकमेकांस विचारतो. कोणी आंबे-फणसांच्या गोष्टी सांगतो, कोणी प्रवासाचे वर्णन करतो. मी मात्र गेल्या मे महिन्याच्या सुटीत प्रशांत महासागरावर तीन लढाया लढले आणि त्यांपैकी दोन हरले. हे ऐकून माझ्या मैत्रिणी हसल्या. परंतु पंधरा वर्षे एकाच घरात राहूनही ज्या माणसाला मी नीटसे ओळखले नव्हते, त्याची ओळख मला या तीन लढायांनी करून दिली. म्हणून ही हकीकत लिहीत आहे.

माझे मामा नौदलात रडारवर काम करीत असत. निवृत्त झाल्यापासून ते वास्कोला असतात. त्यांच्या घराच्या व्हरांड्यातून मुरगाव बंदराबाहेर नांगरून पडलेली मालवाहू जहाजे दिसतात. मामांना वाचनाचा छंद आहे, आणि त्यातही दुसऱ्या महायुद्धातील आरमारी लढायांचा. त्या छंदातून त्यांनी एक खेळ तयार केला आहे. प्लायवुडच्या दोन फळ्यांवर आलेखाचा कागद चिकटवून त्यांवर महासागराचे दोन सारखे नकाशे काढले आहेत. एक चौकट म्हणजे पन्नास सागरी मैल आणि एक डाव म्हणजे दोन तास. घरात साठलेल्या लग्नपत्रिकांचा जाड कागद कापून जहाजे केली आहेत. ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ अशी अक्षरे पाठीवर घेऊन विमानवाहू नौका फिरतात! दोन्ही नकाशांच्या मध्ये दोरीवर जुनी चादर टांगलेली असते. खेळणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याची जहाजे दिसत नाहीत. टेहळणीची विमाने जी चौकट शोधतील तेवढ्यापुरते काय आढळले, ते मामा कानात सांगतात. विमाने चार चौकटींपर्यंत जाऊन सुखरूप परततात; पाचव्या चौकटीत पाठवली तर परत येतीलच असे नाही. बाकीचा निकाल फाशांवर.

‘‘याला पोरखेळ समजू नकोस, बाय,’’ मामा मला म्हणाले. ‘‘अमेरिकेच्या नौदल महाविद्यालयात जपानशी होणारं युद्ध अधिकारी कित्येक वर्षं असंच जमिनीवर मांडून खेळत होते. युद्ध संपल्यावर ॲडमिरल निमिट्झनी सांगितलं, की शेवटी शेवटी आलेल्या आत्मघातकी वैमानिकांखेरीज या युद्धात आम्हांला अनपेक्षित असं काही घडलंच नाही.’’

माझा प्रतिस्पर्धी होता माझा मामेभाऊ. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणते. झाडावर सर्वांत उंच चढणारा, पाण्यात सर्वांत आधी उडी टाकणारा. मी तशी नाही. मी आधी पाण्यात पाय घालून पाहते.

पहिला डाव मिडवेचा होता. जून १९४२ मध्ये जपानचे आरमार त्या चिमुकल्या बेटावर चालून आले होते. दादाकडे जपानच्या चार विमानवाहू नौका होत्या, माझ्याकडे अमेरिकेच्या तीन. मात्र शत्रूची गुप्त लिपी अमेरिकेने काही अंशी उलगडली होती. म्हणून तो कोणत्या दिशेने आणि केव्हा येणार, याची एक चिठ्ठी मामांनी मला आधीच दिली होती. इतके असूनही मी हरले. माझ्या टेहळणी विमानाला दादाच्या नौका पाचव्या चौकटीत आढळल्या. विमाने पाठवावीत तर ती परततील की नाही याची धास्ती. मी ठरवले, चौथ्या चौकटीत येऊ देत. त्या जवळ आल्या, तेव्हा वाटले, चारही आहेत ना याची खात्री करून घ्यावी. खात्री करण्यात आणखी एक डाव गेला आणि तेवढ्यात दादाच्या विमानाने मला गाठले. माझ्या दोन नौका, त्यांच्यावरची विमाने हवेत जाण्यापूर्वीच बुडाल्या.

‘‘मामा, शेवटचा फासा फळीच्या कडेला लागला. पुन्हा टाकू या,’’ मी म्हणाले.

मामांनी मान हलवली. त्यांनी सांगितलेली हकीकत फुचिदा आणि ओकुमिया या दोन जपानी नौदल अधिकाऱ्यांनी युद्धानंतर लिहिलेल्या ग्रंथातील आहे. मिडवेच्या स्वारीपूर्वी, मे १९४२ मध्ये, ‘यामातो’ या प्रचंड युद्धनौकेवर जपानी सेनानींनीही असाच खेळ मांडला होता. फाशांच्या कौलाप्रमाणे अमेरिकी विमानांचे नऊ बॉम्ब लागले आणि ‘आकागी’ व ‘कागा’ या दोन नौका बुडाल्या. खेळाचे मुख्य पंच ॲडमिरल उगाकी यांना तो निकाल रुचला नाही. त्यांनी नवाचे तीन केले. मग एकटी ‘कागा’ बुडाली; आणि पुढच्या मोहिमेच्या खेळात तीही पुन्हा तरंगू लागली. ४ जून १९४२ रोजी मात्र या दोन्ही नौका खरोखरच पेटल्या, आणि तेथे निकाल बदलायला पंच नव्हते. मी निमूटपणे माझ्या बुडालेल्या लग्नपत्रिका डब्यात ठेवल्या.

‘‘भित्री!’’ चादरीपलीकडून दादा हसून म्हणाला.

हा शब्द मला फार झोंबला, आणि त्याला कारण होते. आमच्या नात्यागोत्यात तो शब्द माझ्या आधी माझ्या बाबांना मिळाला आहे. बाबा डिचोलीला एका कार्यालयात कारकून आहेत. आभाळ निरभ्र असले तरी त्यांच्या हातात छत्री असते. रात्री दाराची कडी ते दोनदा ओढून पाहतात. मामा आणि बाबा शाळेतले सोबती. पंचवीस वर्षांपूर्वी दोघांनाही समुद्रावर जाण्याची संधी आली होती. मामांना नौदलात, बाबांना एका मालवाहू जहाजाच्या इंजिनखान्यात. मामा गेले. बाबा गेले नाहीत. पुढे मामांच्या बहिणीशी त्यांचे लग्न झाले. पण लग्नकार्यात चार पाहुणे जमले की अजूनही कोणीतरी म्हणतेच, ‘‘त्यांच्या अंगात धाडसच नाही हो, नाहीतर आज केवढं घर असतं!’’ बाबा हसतात आणि पंगतीला वाढायला लागतात. ते हसणे मला आवडत नसे.

त्या रात्री मिडवेला प्रत्यक्षात काय घडले ते मी मामांना विचारले. अमेरिकी नौकांच्या एका ताफ्याचे नेतृत्व ॲडमिरल स्प्रुअन्स यांच्याकडे होते. ते स्वभावाने शांत, मितभाषी. आजारी पडलेल्या धडाडीच्या हॅल्सींच्या जागी आलेले. आणखी दोन तास थांबले असते तर अंतर कमी झाले असते, विमाने निर्धास्तपणे परतली असती. पण शत्रूने आपल्याला पाहण्याआधी घाव घालायचा, तर थांबून चालणार नव्हते. सकाळी सातच्या सुमारास त्यांनी विमाने सोडायला सुरुवात केली. किंमत भयंकर होती. ‘हॉर्नेट’वरून गेलेल्या टॉर्पेडो तुकडीची पंधराच्या पंधरा विमाने पडली, तीस जणांपैकी एकच जगला. परंतु साडेदहाच्या आत तीन जपानी विमानवाहू नौका पेटल्या होत्या. चौथी संध्याकाळी सापडली.

‘‘आणि जपान्यांचा नागुमो त्या सकाळी काय करत होता?’’ मामा म्हणाले. ‘‘तू केलंस तेच. अमेरिकी नौका जवळ आहेत हे कळल्यावर, हाताशी असतील ती विमानं लगेच सोडा, असा सल्ला यामागुचीनं दिला होता. नागुमोनं ठरवलं, आधी मिडवेहून परतलेली विमानं उतरवून घेऊ, मग सगळी तयारी करून व्यवस्थित हल्ला चढवू. पुस्तकाप्रमाणे तेच बरोबर होतं. पण तेवढा वेळच उरला नव्हता.’’

मी मनाशी निष्कर्ष काढला, की धाडस हेच खरे. मामांनी हकीकतीचा उत्तरार्धही सांगितला होता. त्याच संध्याकाळी, विजय हाती आलेला असताना, स्प्रुअन्स यांनी पळणाऱ्या शत्रूचा पाठलाग न करता आपला ताफा पूर्वेकडे मागे घेतला आणि मध्यरात्रीनंतरच पुन्हा पश्चिमेकडे वळवला. त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. पण जपानच्या मोठ्या तोफांच्या नौका त्या रात्री अंधारात गाठ घालण्याच्या प्रयत्नात होत्या. अंधारात विमाने निरुपयोगी आणि तोफा प्रबळ. सकाळचा धाडसी आणि संध्याकाळचा सावध सेनापती एकच होता! हे मी ऐकले, पण कानाआड केले. दादाने मला भित्री म्हटले होते ना!

दुसरा डाव फिलिपीन्सजवळच्या लेयटे आखाताचा. ऑक्टोबर १९४४. मी हट्टाने हॅल्सी झाले. मॅकआर्थर यांचे सैन्य लेयटे बेटावर उतरलेले आणि त्याच्या उत्तरेस सान बर्नार्डिनो नावाची सामुद्रधुनी. तिच्यातून येणाऱ्या दादाच्या युद्धनौकांवर मी दिवसभर विमाने सोडली. त्या मागे फिरल्याची वर्दी आली. इतक्यात उत्तरेस चार विमानवाहू नौका आढळल्या. मिडवेच्या दिवशी ज्यांना मी निसटू दिले होते, त्याच जणू पुन्हा समोर आल्या. मी क्षणाचाही विचार केला नाही. सगळी जहाजे उचलली आणि उत्तरेकडे निघाले. एक डाव, दोन डाव, तीन डाव. चारही नौका मी बुडवल्या आणि आनंदाने टाळी वाजवली. तेव्हा मामांनी चादर बाजूला केली. मोकळ्या सामुद्रधुनीतून दादाच्या चार युद्धनौका रात्रीतून बाहेर पडल्या होत्या आणि लेयटेच्या किनाऱ्यावरील माझी वाहतुकीची जहाजे त्यांच्या तोफांखाली होती. मी बुडवलेल्या नौकांवर विमाने जेमतेम शंभर होती. तो केवळ आमिषाचा गळ होता. हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागणे म्हणतात ते याहून वेगळे काय?

हॅल्सींनी हेच केले होते. अर्थात त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून मामांनी हेही सांगितले, की शत्रूच्या मुख्य आरमाराचा नाश करण्याची संधी मिळाल्यास तेच प्रमुख कार्य समजावे, असा हुकूम निमिट्झ यांनीच त्यांना दिला होता. शिवाय त्या अंधारात ते आमिष आहे, हे त्यांना कोण सांगणार? २५ ऑक्टोबरच्या सकाळी सामार बेटाजवळ जपानच्या त्या बलाढ्य ताफ्यासमोर उरल्या फक्त सहा छोट्या, मंदगती विमानवाहू नौका आणि त्यांच्या रक्षणास सात लहान जहाजे. या सात जहाजांनी धुराचे पडदे सोडीत ‘यामातो’सारख्या नौकांच्या रोखाने चाल केली. त्यांतील ‘जॉन्स्टन’, ‘होएल’ आणि ‘सॅम्युएल बी. रॉबर्ट्स’ ही तीन बुडाली. परंतु त्यांच्या आणि विमानांच्या त्वेषाने गोंधळून, आपल्या तीन मोठ्या क्रूझर गमावून, जपानी सेनापती कुरिता अडीच तासांच्या झुंजीनंतर मागे वळला. तो पुढे सरकला असता तर काय झाले असते, हे माझ्या फळीवर दिसतच होते; कारण दादा मागे वळला नव्हता.

मला सर्वांत आश्चर्य वाटले ते असे, की त्या सात जहाजांचे धाडस हॅल्सींच्या धाडसाहून अगदी निराळे होते. हॅल्सी काही मिळवण्यासाठी धावले. ही सात जहाजे कशाच्या तरी राखणीसाठी धावली. आपल्याकडे गावाच्या वेशीवर राखणदार असतो. तो वेस सोडून कोठे पराक्रम गाजवायला जात नाही. पण वेशीवर संकट आले तर मागेही हटत नाही, अशी आपली श्रद्धा आहे.

तिसरा डाव सुटीच्या अखेरीस झाला. व्हरांड्याबाहेर पहिला पाऊस कोसळत होता. या वेळी मामांनी काळ चार महिने मागे घेतला. जून १९४४, सायपान बेट. १५ जूनला अमेरिकी सैन्य बेटावर उतरले आहे आणि जपानचे आरमार पश्चिमेकडून येत आहे. दादाकडे ओझावांच्या नऊ विमानवाहू नौका, माझ्याकडे पंधरा. मामांनी सायपानपाशी पांढऱ्या कागदाचे बरेच तुकडे मांडले. ‘‘ही वाहतुकीची जहाजं. यांची माणसं किनाऱ्यावर लढताहेत. यांना धक्का लागला तर पंधरा नौका शाबूत राहूनही तू हरलीस.’’

१८ जूनची रात्र झाली. मामांनी मला चिठ्ठी दिली. तुमच्या विमानवाहू ताफ्याचे प्रमुख मिचर परवानगी मागत आहेत; रातोरात पश्चिमेला सरकलो तर पहाटे शत्रूवर पहिला घाव आपला पडेल. जावे की न जावे?

मी बराच वेळ फळीकडे पाहत बसले. पश्चिमेला गेले तर कदाचित नऊच्या नऊ नौका बुडतील. पण दादा कोठे आहे हे मला नक्की ठाऊक नव्हते, आणि ताफ्याचे दोन भाग करून एक पुढे दाखवायचा व दुसरा बगलेने पाठवायचा, ही खोड त्याला होतीच. अंधारात तो माझ्या बाजूने निसटून सायपानला पोचला तर?

‘‘ये ना पुढे!’’ चादरीपलीकडून दादा ओरडला. ‘‘की तूही बाबांवरच गेलीस?’’

व्हरांड्यात एकदम शांतता पसरली. मामी आतून भजी घेऊन येत होत्या, त्या उंबऱ्यावरच थांबल्या. माझे डोळे भरून आले. पण हात पुढे गेला नाही. मी मामांना म्हणाले, ‘‘परवानगी नाही. ताफा सायपानपाशीच थांबेल.’’

दुसऱ्या दिवशीच्या डावात दादाची विमाने लाटेमागून लाट अशी आली. माझी सर्व लढाऊ विमाने त्यांची वाटच पाहत होती. फासे मला अनुकूल पडले हे मी नाकारीत नाही. परंतु प्रत्यक्षातही तसेच घडले होते. १९ जून १९४४ या एका दिवसात जपानची तीनशेहून अधिक विमाने नष्ट झाली. ‘ताइहो’ आणि ‘शोकाकू’ या दोन मोठ्या नौका अमेरिकी पाणबुड्यांनी बुडवल्या; दुसऱ्या दिवशी ‘हियो’ही गेली. सायपानच्या पांढऱ्या तुकड्यांना कोणाचा स्पर्शही झाला नाही.

‘‘पण माझ्या सहा नौका अजून आहेत,’’ दादा म्हणाला. ‘‘हा काय विजय झाला?’’

‘‘स्प्रुअन्सना त्यांच्या वैमानिकांनी नेमकं हेच ऐकवलं,’’ मामा म्हणाले. ‘‘सहा नौका निसटल्या त्या तुमच्या भित्रेपणामुळे, असं कित्येकांचं मत होतं. पण नौदलाचे सर्वोच्च अधिकारी ॲडमिरल किंग सायपानला आले, तेव्हा त्यांनी सांगितलं, तुम्ही केलंत ते योग्यच केलंत. लोक अजून वाद घालतात. घालू देत. त्या सहा नौकांवर पुन्हा चढवायला शिकलेले वैमानिकच जपानकडे फारसे उरले नव्हते. चार महिन्यांनी त्या नौकांचा उपयोग आमिष म्हणून करावा लागला, तो का, ते आता कळलं?’’

मग त्यांनी दादाकडे पाहिले. रागावले मात्र नाहीत. जहाजे डब्यात भरीत ते हळूहळू बोलू लागले.

‘‘तिच्या बाबांना जहाजावरून बोलावणं आलं ना, त्याच महिन्यात त्यांच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. दोन बहिणी शाळेत शिकत होत्या. घरात मिळवतं दुसरं कोणी नव्हतं. मी निघालो तेव्हा माझ्या मागं घर सांभाळायला दोन थोरले भाऊ होते. मी धाडसी ठरलो. बंदरावर मला पोचवायला तेच आले होते, आणि मी त्यांना हसत म्हणालो होतो, ‘घाबरलास काय रे?’ ते काही बोलले नाहीत. पंचवीस वर्षं झाली. लोक तो शब्द वापरतात ना, तो पहिल्यांदा मी वापरला.’’

दादाने मान खाली घातली. बाहेर पाऊस पडतच होता. थोड्या वेळाने त्याने भज्यांची बशी माझ्याकडे सरकवली, आणि तेवढ्यात आमचे भांडण मिटले.

ज्या आदेशावर स्प्रुअन्स मिडवेला लढले, तो मामांनी मला नंतर समजावून सांगितला. निमिट्झ यांनी बजावले होते, की शत्रूचे अधिक नुकसान होण्याची चांगली शक्यता असल्यावाचून बलाढ्य शत्रूपुढे आपले बळ उघडे करू नका. धोका पत्करा, पण हिशेब करून पत्करा. माझी चूक आता माझ्या ध्यानी आली. सावधपणा आणि धाडस ही दोन जातींची माणसे आहेत, अशी माझी समजूत होती. वस्तुतः हे दोन्ही एकाच माणसाच्या हातातले आहेत. केव्हा कोणते उचलायचे, हे दोन प्रश्नांवर ठरते: मला नक्की काय ठाऊक आहे? आणि माझ्यावर कशाची राखण सोपवलेली आहे? मिडवेला मला शत्रूचा ठाव होता, तरी मी थांबले; तो भित्रेपणाच. लेयटेला पाठीमागे काय आहे हे विसरून मी धावले. त्याला शौर्य म्हणता येणार नाही. दुरून पाहणाऱ्याला मात्र फक्त धावणारा आणि थांबणारा दिसतो. त्याच्या पाठीमागचे सायपान दिसत नाही.

घरी परतले त्या रात्री जेवणे झाल्यावर बाबा नेहमीप्रमाणे दाराची कडी पाहत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले आणि जे कधी विचारले नव्हते ते विचारले.

‘‘बाबा, जहाजावर गेला नाहीत, याचं तुम्हांला कधी वाईट वाटतं?’’

ते जरा वेळ गप्प राहिले. ‘‘वाटतं कधी कधी,’’ ते म्हणाले. ‘‘वास्कोला मामांच्या व्हरांड्यात बसलं की वाटतं.’’

मला वाटले होते, ते ‘छे, मुळीच नाही’ असे म्हणतील. तसे ते म्हणाले नाहीत, म्हणून मला ते अधिकच मोठे वाटले. सायपानपाशी थांबलेल्या सेनापतीलाही पश्चिमेकडचा समुद्र दिसत असणारच.

बाबांनी कडी एकदा ओढून पाहिली. दुसऱ्यांदा मी ओढून पाहिली.